दोन तंगड्या आणि चार जणं

परवा ग्वांगाल्ली बीचवर चटई टाकून बसलो होतो, समोर तो लांबलचक पूल लायटिंगने उजळलेला, आणि डिलिव्हरीवाल्याने थेट वाळूच्या कडेला येऊन चिकनचा बॉक्स हातात दिला. दक्षिण कोरियात बुसानला येऊन दीड वर्ष झालं तरी मला याचं अजून अप्रूप वाटतं.

आम्ही चार जणं. माझ्या लॅबमधली सीनियर, तिला मी ओन्नी म्हणते, म्हणजे आपली ताई. एक व्हिएतनामची मैत्रीण, मी रत्नागिरीची आणि एक सांगलीचा मुलगा, जो मटणावर तुटून पडतो पण मासा म्हटलं की लांब पळतो.

ऑर्डर नेहमीची, बानबान, म्हणजे अर्धं साधं फ्राइड आणि अर्धं यांग्न्यॉम. यांग्न्यॉम म्हणजे गोचुजांग (इथली लाल मिरचीची पेस्ट), लसूण, केचप आणि गोड पाक असा लालभडक चिकट सॉस. एवढा सॉस लावूनसुद्धा वरचं आवरण कुरकुरीत कसं राहतं हे मला खूप दिवस कळत नव्हतं, मग ओन्नीने सांगितलं की चिकन दोनदा तळतात, एकदा तळून बाहेर काढून जरा निवू देतात, त्यात आतलं पाणी निघून जातं आणि मग परत कडक तेलात सोडतात, शिवाय पिठात स्टार्च असतो त्यामुळे कवच पातळ पण टणक होतं. सोबत मुळ्याचे पांढरे चौकोनी तुकडे, आंबटगोड, थंडगार. हे नसतील तर चौथ्या पीसला तोंड मारवत नाही.

आता मुद्दा असा की अख्खी एक कोंबडी मागवली की तंगड्या दोनच. पहिल्यांदा आम्ही असे बसलो होतो तेव्हा ओन्नीने काही न बोलता एक तंगडी उचलून माझ्या डिशमध्ये ठेवली. मी एकदम गप्पच झाले. आमच्याकडे रविवारी कोंबडी असली की आजी तंगडी बाजूला काढून ठेवायची, "पोरांना राहू दे गो" म्हणायची आणि स्वतः मान नाहीतर पाठ घेऊन बसायची. नंतर कळलं की कोरियातही तंगडी कुणाला देतात यावरून माया कळते. मोठी झाल्यापासून मला अशी तंगडी कुणी वाढलीच नव्हती.

समुद्राच्या खाण्याचं तर विचारूच नका. जागालची मार्केटला खाली टाक्यांमधून जिवंत मासा निवडायचा आणि वर जाऊन खायचा, वर माणशी बसायचे पैसे वेगळे घेतात. तिथल्या बायकांना सगळे "इमो" म्हणतात आणि इमो म्हणजे मावशी, आईची बहीण! रत्नागिरीच्या बंदरावर आई "मावशी, नीट लाव गो" म्हणत भाव करते ते आठवून मला भरूनच आलं.

पाऊस लागला की आपण जशी भजी काढतो तसं इथे पाजॉन. पातीचा कांदा, म्हाकूल, कोळंबी घालून जाडसर धिरडं, तव्यावर चुरचुरतं तो आवाज पावसासारखा येतो म्हणून पावसात आठवण होते असं म्हणतात. बुसानचा डोंग्ने पाजॉन तर तांदळाच्या पिठाचा, मऊसर, वरून अंडं. पहिला घास घेतला आणि मी सगळ्यांना घावण्याची गोष्ट सांगत बसले, ओन्नीला तो शब्द तीनदा म्हणायला लावला.

आणि आमचा सांगलीकर? त्याला आम्ही बुसानमधल्याच चॉन्गसापो बंदरावर शिंपल्या भाजून खायला नेलं. टेबलावरच निखारे, जाळीवर मोठाले शिंपले, आत लोणी, कांदा, चीज, सगळं आपापल्या रसात खदखदत असतं. पहिला त्याने डोळे मिटून खाल्ला. मग डोळे उघडले, दुसरा स्वतःच उचलला, तिसरा ओन्नीच्या बाजूचा उचलला आणि शेवटी वाटीतला रस भाताला लावून पुसून खाल्ला. मी घरी व्हिडिओ कॉल करून आईला दाखवलं, ती म्हणाली, "त्याला मे महिन्यात घरी घेऊन ये, तिसऱ्यांचं सुकं करते."

तर परवा बीचवर बॉक्स उघडला, दोन तंगड्या वरच होत्या. ओन्नीचा हात पुढे यायच्या आधीच सांगलीकराने एक उचलली आणि दोन्ही हातांनी, इथे मोठ्यांना देतात तशी, तिच्यापुढे धरली. ती नको नको म्हणत राहिली, मग घेतली. दुसरी मी व्हिएतनामच्या मैत्रिणीच्या डिशमध्ये टाकली.