फरक ऋतूचा की उजेडाचा?

पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावरील पातळ ढगांचा ऋतुवार नकाशा पूर्ण झाला, तेव्हा माझ्या वरिष्ठ सहकाऱ्यांनी तो लगेच शोधनिबंधात घ्यावा असे सुचवले. हिवाळ्यात ढग भरपूर आणि उन्हाळ्यात स्पष्टपणे कमी, असे सुबक चित्र होते. मला मात्र त्यातील एक कडा खटकत होती. महिन्यामागून महिना पाहत गेले की ढगांचे प्रमाण नेमके उजेड-अंधाराच्या सीमेवर तुटत होते आणि ती सीमा सरकली की कडाही तिच्याबरोबर सरकत होती. वाऱ्यावादळांनी बनणारे ढग सूर्योदयाची रेषा इतकी काटेकोर पाळणार नाहीत.

उपग्रह वरून पाहतो, मग ढग दिसायला अडचण कसली, असे मला नेहमी विचारले जाते. बर्फावरचा ढग म्हणजे पांढऱ्यावर पांढरे. अवरक्त प्रतिमेत थंड ते ढग असे धरावे, तर ध्रुवीय हिवाळ्यात जमिनीलगतची हवाच अनेकदा तिच्या वरच्या हवेपेक्षा थंड असते आणि ढग तिच्याहून उबदार निघू शकतो. म्हणूनच 2006 मध्ये सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहावरील लायडरचे, म्हणजे परतणाऱ्या लेसर प्रकाशावरून ढग शोधणाऱ्या उपकरणाचे, मोल मोठे. 2023 मध्ये मोहीम संपेपर्यंत तो स्वतःचाच प्रकाश सोडत असे: सेकंदाला सुमारे 20 स्पंद, जमिनीवर साधारण 335 मीटरच्या अंतराने. थर फार विरळ असेल तर 5, 20 आणि शेवटी 80 किलोमीटरपर्यंतच्या स्पंदांची सरासरी काढून तो शोधला जातो. पण उन्हाळ्यात बर्फावरून परतणारे ऊन याच ग्राहकात शिरत असे आणि त्या नॉइजमध्ये, म्हणजे नको असलेल्या प्रकाशाच्या गोंगाटात, विरळ थर बुडून जात. इतरत्र एकाच ऋतूतील दिवस आणि रात्र यांची तुलना करता येते. येथे मात्र दिवस म्हणजेच उन्हाळा आणि रात्र म्हणजेच हिवाळा. क्लाउडसॅट या दुसऱ्या उपग्रहाच्या रडारचा आधार घ्यावा, तर बारीक बर्फकणांचे ढग त्याला अनेकदा दिसतच नाहीत, शिवाय 2011 च्या बॅटरी-बिघाडानंतर तो उजेडातच चालत असे.

विषुवदिनाच्या सुमारास एकाच जागेवरून दिवसा आणि रात्री गेलेल्या फेऱ्या मी ताडून पाहिल्या. तेव्हा सूर्य क्षितिजालगत असतो, त्यामुळे डिसेंबरच्या प्रखर नॉइजची कल्पना त्यांतून येईना. अखेर एके दिवशी सकाळी मी जुलैच्या रात्रीच्या नोंदींत डिसेंबरइतकाच नॉइज मिसळला आणि ढग शोधण्याची सगळी प्रक्रिया नव्याने चालवली. संध्याकाळी जो नकाशा समोर आला, त्यात हिवाळ्याचे अधिकचे ढग बव्हंशी नाहीसे झाले होते.

दिवस आणि रात्र यांचे आलेख वेगळे छापले की पुरे, असे सहकाऱ्यांचे मत पडले. मला ते पटत नाही, कारण ही चूक सर्वत्र सारखी नाही. आर्क्टिकमधील बॅरेंट्स समुद्रावरचे गोठणबिंदूखालीही द्रवरूप राहणारे थेंब बाळगणारे दाट ढग उजेडातही सहज सापडतात, पठारावरचे विरळ ढग मात्र निसटतात. म्हणजे ऋतूंच्या तुलनेबरोबर प्रदेशांची तुलनाही बिघडते.

तरीही थोडा फरक उरलाच. हिवाळ्यात अंटार्क्टिकावर तपांबराची, म्हणजे हवेच्या सर्वांत खालच्या थराची, वरची सीमा पुसट होते, त्यामुळे त्यावरच्या स्थितांबरातील ध्रुवीय ढग माझ्या मोजणीत मिसळले असण्याची शक्यता आहे. सध्या तो उरलेला फरक मी उंचीनुसार वेगळा काढते आहे आणि तोवर तो नकाशा निबंधाबाहेर ठेवला आहे.