वर्ग सोडून शाळा चालवायला का शिकलात? तुम्ही विचारलंत म्हणून

‘इतकं छान शिकवत होतात, मग शैक्षणिक नेतृत्व आणि शाळा व्यवस्थापन असल्या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यायची काय गरज होती?’ सहकारी विचारतात, पालक विचारतात, भेटले की जुने विद्यार्थीही विचारतात. या प्रश्नाच्या पोटात आणखी दोन प्रश्न असतात. शाळा चालवणं असं पुस्तकातून शिकता येतं का, हा एक. वर्गाला कंटाळलात का, हा दुसरा, आणि तो सहसा कुणी तोंडावर विचारत नाही. आजवर मी ‘शिकायची आवड आहे’ म्हणून वेळ मारून नेत आले. ते उत्तर अर्धवट आहे हे मला ठाऊक आहे आणि आता तेच तेच सांगायचा मला वीट आला आहे. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधी ज्याची कुजबुज होते ते. हो, मला पद हवं होतं. पगारातला फरकही मला दिसत होता. त्यात खाली मान घालण्यासारखं काय आहे, हे मला खरंच कळत नाही. चांगलं शिकवणाऱ्या माणसानं जन्मभर वर्गातच समाधान मानावं आणि त्या वर्गात किती मुलं, कोणती मुलं, किती तास हे सगळं दुसऱ्या कुणीतरी ठरवावं, या अपेक्षेत मला अन्याय दिसतो. पण पदासाठी ही पदवी लागत नव्हती. सेवेची वर्षं भरली की ते आपसूक आलं असतं. तरी गेले, त्याला कारण एक वर्ष आहे.

त्या वर्षी आमच्याकडे एक नवी शिक्षिका आली. सहावीची शेवटची तुकडी तिला मिळाली. आधीच्या प्रत्येक वर्गात मागे पडत आलेली मुलं त्या तुकडीत एकत्र केली होती. ती तिलाच का दिली, असं कुणी विचारलं नाही, कारण वेळापत्रक तसंच बनायचं: ज्येष्ठांनी आपापल्या तुकड्या निवडायच्या आणि उरेल ते नव्या माणसाच्या पदरात पडायचं. अनेक देशांत हाच शिरस्ता आहे हे मी नंतर वाचलं.

तिचा वर्ग माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे होता. आरडाओरडा ऐकू यायचा. मुख्याध्यापक फेरी मारताना तिच्या दाराशी क्षणभर थांबायचे, वर्ग शांत व्हायचा, ते पुढे जायचे. वर्षात एकदा त्यांनी तिचं पाठनिरीक्षण केलं. नमुन्यातल्या सगळ्या रकान्यांत ‘समाधानकारक’ लिहिलं. तिनं विचारलं, ‘सर, मी नेमकं काय बदलू?’ ते म्हणाले, ‘चांगलं चाललंय. आवाज तेवढा कमी ठेवा.’ एवढ्यात फोन वाजला आणि ते गेले. हे तिनं मला त्याच दिवशी स्टाफरूममध्ये सांगितलं. तक्रारीच्या सुरात नव्हे, ती खरोखर गोंधळली होती.

तिनं मला वर्गात येऊन बसायला सांगितलं होतं. माझा मोकळा तास आणि तिचा तास जुळेना. जुळला त्या दिवशी कुणीतरी रजेवर होतं आणि मला बदली तासावर पाठवलं गेलं. पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला, पुन्हा तेच. एका शिक्षकानं दुसऱ्याचा वर्ग पाहावा यासाठी आमच्या वेळापत्रकात जागाच नव्हती. मोकळा तास म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी उभं राहायची शिल्लक, एवढाच त्याचा हिशेब होता.

या सगळ्यात ती एक काम करत होती, ते फारसं कुणाला माहीत नव्हतं. एका जाड वहीत तिनं प्रत्येक मुलाला दोन पानं दिली होती. कोण जोडाक्षरापाशी अडतं, कोण धडाधड वाचतं पण अर्थ विचारला की गप्प होतं, कुणाला फळ्यावरचं नीट दिसत नाही, कोण मोठ्यानं वाचायला घाबरतं पण शेजाऱ्याला हळू आवाजात बरोबर वाचून दाखवतं. काय करून पाहिलं आणि काय फसलं, तेही तारखेसकट. मी इतकी वर्षं शिकवत होते, पण इतकी बारकाईनं लिहिलेली नोंद मी पाहिली नव्हती. वर्षाच्या शेवटी शेवटी तिचा वर्ग थोडा सावरायलाही लागला होता.

पालकांच्या तक्रारी मात्र आधीच वर पोचल्या होत्या. तिचा करार वाढवला नाही. शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली परत करताना तिनं ती वही मुख्याध्यापकांसमोर ठेवली. ‘पुढच्या वर्षी या मुलांना जे कुणी घेईल, त्यांना ही द्याल का?’ ते म्हणाले, ‘हो, हो, ठेवा इथेच.’ मी तिथेच उभी होते. त्यांनी ती टेबलावरच्या गठ्ठ्यावर ठेवली. नव्या वर्षी तुकड्या मोडून नव्यानं पाडल्या, ती मुलं वेगवेगळ्या वर्गांत गेली. मी वही मागायला गेले तर सापडेना. रद्दीबरोबर गेली असणार. सर स्वतः उठले, कपाटं उघडली, खालचे खणही पाहिले. ‘माझ्या हातून राहिलं,’ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरं दुःख होतं.

माझं उत्तर इथे आहे. तो माणूस वाईट नव्हता. सकाळी सगळ्यात आधी यायचे, सगळ्यात शेवटी जायचे. गळकं छत, थकलेली फी, परीक्षेचे पेपर, वर पाठवायची माहिती, एकाही गोष्टीत त्यांनी कधी अंग चोरलं नाही. ते वाईट असते, आळशी असते, तर मी त्यांच्यावर खापर फोडून पुन्हा माझ्या वर्गात गेले असते. पण सगळी माणसं बरी, सगळी राबणारी, आणि तरी एक शिक्षिका गेली, तिनं वर्षभर जमवलेलं ज्ञान रद्दीत गेलं. हे कसं होतं, ते मला कळून घ्यायचं होतं.

शिकायला गेल्यावर संस्था कशा चालतात याचे अभ्यासक कार्ल वाइक यांचा १९७६ सालचा लेख वाचायला लागला. शाळेचे भाग एकमेकांशी सैल बांधलेले असतात, कार्यालयात ठरलेलं वर्गापर्यंत पोचेलच असं नाही आणि वर्गातलं कार्यालयापर्यंत पोचेलच असं नाही, अशी त्यांची मांडणी. या सैलपणाचे फायदेही त्यांनी दिले आहेत. एका भागात बिघाड झाला तर तो दुसरीकडे पसरत नाही, हा त्यातला एक. तो फायदा वाचताना मला राग आला. आमच्याकडे बिघाड पसरला नाही हे खरं. ती एकटी तिच्या वर्गात हरत राहिली, बाकीच्या शाळेला धक्काही लागला नाही. आणि शेवटी तिला जे सापडलं, तेही पसरलं नाही.

मग व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००८ सालचं विश्लेषण आलं. शाळेच्या प्रमुखानं केलेल्या कोणत्या कामाचा मुलांच्या शिकण्याशी किती संबंध दिसतो, हे त्यांनी आधीच्या अभ्यासांवरून मोजलं. आकडा जितका मोठा, तितका संबंध जास्त. शिस्तीचं, सुरक्षित वातावरण राखणं: ०.२७. साधनसामग्री विचारपूर्वक लावणं: ०.३१. ध्येयं ठरवणं आणि अध्यापनाचं नियोजन-मूल्यमापन: प्रत्येकी ०.४२. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सहभागी होणं: ०.८४. फार थोड्या अभ्यासांवर हे आकडे उभे आहेत, त्यामुळे ते दगडावरची रेघ मानू नयेत हे आम्हाला बजावून सांगितलं होतं. तरीही ‘स्वतः सहभागी होणं’ हे शब्द मी अधोरेखित केले. आमच्या सरांनी ती वही उघडून तिच्याशेजारी बसून वाचली असती तर, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

मी तेव्हा मनाशी ठरवून टाकलं होतं की प्रमुखानं सतत वर्गावर्गांत जावं, सगळं सुटेल. अभ्यासानं तेही काढून घेतलं. ग्रिसम, लोब आणि मास्टर यांनी अमेरिकेतल्या मायामी-डेड भागातल्या सुमारे १०० मुख्याध्यापकांच्या वेळेचा मागोवा घेतला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकांना प्रत्यक्ष मार्गदर्शन करण्यात गेलेल्या वेळेचा मुलांच्या प्रगतीशी चांगला संबंध दिसला. नुसत्या फेऱ्या मारण्याचा संबंध उलटा निघाला, विशेषतः माध्यमिक शाळांत. दाराशी क्षणभर थांबून पुढे जाणं मला आठवलं.

‘हे घरी बसूनही वाचता आलं असतं,’ असं तुमच्यापैकी काहींनी मला ऐकवलं आहे. वाचता आलं असतं. पण मला एका अनोळखी शाळेत मुख्याध्यापिकेच्या मागे सावलीसारखं फिरायला लावलं गेलं, मिनिटामिनिटाची नोंद करायला लावली, ते घरी झालं नसतं. त्या बाई एका शिक्षकाशी त्याच्या पाठाबद्दल बोलायला बसल्या की कुणीतरी दार वाजवायचं. एकही बोलणं अखंड झालं नाही. ती नोंद मांडताना मला आमच्या सरांचा दिवस पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं दिसला. मला वाटत आलं होतं की त्यांच्याकडे वेळ होता आणि लक्ष नव्हतं. ते मला आता तितक्या ठामपणे म्हणता येत नाही.

आता जे माझ्या विरोधात जातं, तेही सांगायला हवं, नाहीतर एवढ्या सविस्तर उत्तराला अर्थ नाही. क्लार्क, मार्टोरेल आणि रॉकऑफ यांनी २००९ साली न्यूयॉर्क शहरातल्या शाळांचा अभ्यास मांडला. मुख्याध्यापकांचं शिक्षण आणि शाळेची कामगिरी यांच्यात त्यांना जवळजवळ काहीच नातं सापडलं नाही. मुख्याध्यापक म्हणून मिळालेल्या अनुभवाचं, विशेषतः पहिल्या काही वर्षांचं, नातं सापडलं. त्याआधी २००५ साली आर्थर लेविन यांनी अमेरिकेतल्या अशा अभ्यासक्रमांची पाहणी करून बहुतेकांना अपुरे ते भयानक या पट्ट्यात बसवलं होतं, आणि लेविन स्वतः तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजचे, म्हणजे असेच अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेचे, अध्यक्ष होते. म्हणजे हे घरातूनच आलेलं बोलणं. माझ्या अभ्यासक्रमातही आठवडेच्या आठवडे नेतृत्वाच्या प्रकारांची नावं पाठ करण्यात गेले. ते मला आजवर कुठेही उपयोगी पडलेलं नाही.

प्रवेशाच्या निबंधात मी लिहिलं होतं, ‘मुख्याध्यापक बदलला की शाळा बदलते.’ तो निबंध लिहिणारी ‘ती मी’ आज माझ्याशी भांडते. ती २०२१ सालचा ग्रिसम, एगालाइट आणि लिंडसे यांचा अहवाल पुढे करते: कमी प्रभावी मुख्याध्यापकाच्या जागी जास्त प्रभावी आला तर मुलांचं वर्षाला जवळपास तीन महिन्यांचं जास्त शिक्षण होतं. मी तिला विचारते, तो प्रभावी माणूस पदवीनं घडला असं त्यात कुठे आहे? ती म्हणते, मग तू पदवी परत करणार का? नाही करणार. कारण शाळेकडे बघण्याची जी सवय मला लागली, ती माझ्या अनुभवातून लागली नसती; तोच अनुभव सरांकडे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होता. हा माझा एकटीचा दाखला आहे, याहून मोठा दावा मी करत नाही.

वर्गाला कंटाळले का? नाही. आता उपमुख्याध्यापिका म्हणून माझ्याकडे एकच तुकडी आहे आणि तो तास आला की मला बरं वाटतं. ज्या मुलांना मी शिकवलं असतं आणि आता शिकवत नाही, त्यांचं नुकसान मी कोणत्याही आकड्यानं भरून काढू शकत नाही.

वेळापत्रक आता मी करते. सगळ्यात मागे पडलेली मुलं सगळ्यात अनुभवी शिक्षिकेकडे दिली. शेजारच्या वर्गांच्या शिक्षकांना एक मोकळा तास सामाईक ठेवला आणि त्याला बदली लावायची नाही असं ठरवलं. वर्षअखेरीस जुन्या आणि नव्या वर्गशिक्षकांनी समोरासमोर बसून एकेका मुलाबद्दल बोलायचं, हेही ठरवलं. शेवटची गोष्ट रुजते आहे. मोकळा तास मला दोनदा मोडावा लागला आहे. आणि ती अनुभवी शिक्षिका दुखावली आहे. तिला ही शिक्षा वाटते. ‘इतकी वर्षं नीट काम केलं, त्याचं हे फळ?’ असं ती मला म्हणाली आणि मी दिलेलं कुठलंही स्पष्टीकरण तिला पटलेलं नाही. मुलांच्या वाचनात फरक पडतो आहे, पण तिची उमेद कमी होते आहे, हेही मला दिसतं. पुढच्या वर्षी ती तुकडी तिच्याकडेच ठेवावी असं मुख्याध्यापकांचं मत आहे. मी म्हणते, ती मी घेते. आमचं अजून ठरलेलं नाही.