डोळ्यांच्या मागे लागून सहा महिने घालवले (माझा अनुभव)

मुलगा तिसरीत होता तेव्हा बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, वाचताना ओळी सोडतो, डोळे तपासून घ्या. घेतले, नंबरबिंबर काही नाही. मग ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं की नजर ओळीवर टिकत नाही म्हणून असं होतं, झालं, एका ठिकाणी डोळ्यांचे व्यायाम सुरू, दोरीत ओवलेले रंगीत मणी बघ, पेन्सिलीचं टोक बघ, वर निळ्या काचांचा चष्मा, आणि फीचा आकडा नकोच विचारू, नवरा अजून टोमणे मारतो. मणी तो झकास बघायला लागला. वाचन होतं तिथेच.

शेवटी सरकारी हॉस्पिटलच्या एलडी क्लिनिकला (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे शिकण्यातल्या अडचणी तपासतात तिथे) नंबर लावला. परत डोळे, मग कान, आयक्यू, मग वाचन-लेखन-गणित, दर वेळी वेगळी तारीख नि माझी हाफ डे. डिस्लेक्सिया निघाला, म्हणजे हुशारी असूनही वाचन-लेखन जड जातं ते.

मी तिथल्या मॅडमना म्हटलं, अहो पण ह्याचे डोळे उड्या मारतात त्याचं काय? म्हणाल्या, वाचताना सगळ्यांचेच मारतात, तुमचेपण. नजर एका जागी साधारण पाव सेकंद थांबते आणि पुढे उडी घेते. ह्याची जास्त वेळ थांबते, उड्या छोट्या, मागे फिरणंही जास्त, कारण अक्षर आणि आवाज जुळवतानाच दमतो. वाचायला जड जातं म्हणून डोळे असे फिरतात, आम्ही उलटं धरून बसलो होतो. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ सालीच सांगून ठेवलंय म्हणे, की डिस्लेक्सियावर असले व्यायाम आणि रंगीत काचा उपयोगी पडतात याला पुरावा नाही.

घरी येऊन समोर बसून त्याचे डोळे बघितले. 'शिक्षिका'वर गाडी अडली. वेलांटी आधी दिसते, बोलायची नंतर, त्यात पुढे क्ष आणि त्यालाही वेलांटी, डोळे पुढे, मागे, परत पुढे, तोंडात शक... शिक... मग पहिलीचं पुस्तक दिलं, बदक, गवत, तर नजर मस्त पुढे पुढे. डोळे तेच ना! निपाणीला मामाकडे गेले की कन्नड पाट्या वाचताना माझंही अस्संच होतं.

आता आठवड्यातून दोनदा रेमेडियल, म्हणजे अशा मुलांसाठीची खास शिकवणी, आवाज आणि अक्षरं, बाकी काही नाही. जोडाक्षर आलं की अजून अडतो, पण मी तोंड उघडायच्या आत म्हणतो, आई, तू थांब जरा.