जुन्या टाटा बसचा वेग: सहा-एकेचाळीस काढून सात-एकेचाळीस बसवल्यानंतरची नोंद

मंडळी, मागच्या अ‍ॅक्सलचं काम पूर्ण झालं. क्राऊन-पिनियन, म्हणजे इंजिनाची फिरकी मागच्या चाकांना देणारी दातेरी चक्रांची जोडी, बदलून बस रस्त्यावर आली, पुणे-सातारा हायवे झाला, खंबाटकी घाटही झाला. निकाल आधीच सांगून टाकतो. ७० च्या वेगाला जे इंजिन २५७० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास ओरडायचं, ते आता २२०० वर शांतपणे चालतं. पुढच्या सीटवरचा माणूस मागच्याशी साध्या आवाजात बोलू शकतो, आणि आम्हाला हवं होतं ते एवढंच.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी गाडीची थोडक्यात ओळख. एका कारखान्याची कामगारांची बस होती, लिलावात घेतली. टाटाची चेसिस, बिगरटर्बो ६९७ इंजिन, पाच गियर, टॉप गियर थेट म्हणजे १:१. ६९७ हा आकडाच बोलका आहे: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. जुनं ६९२ म्हणजे ९२ चा बोअर, ४९७ म्हणजे तोच ९७ चा बोअर पण चार सिलिंडर. ६९७ चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) १२८ मिलिमीटर, एकूण ५.६७५ लिटर. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा चालला; मर्सिडीजच्या ओएम ३५२ इंजिनाची मापं ६९७ शी तंतोतंत जुळतात. २८०० आरपीएमला साधारण १३० हॉर्सपॉवर. या इंजिनावर माझा जीव आहे. नीट तेल-पाणी दिलं तर ते पिढीभर साथ देतं, म्हणून त्याला न दमवता वेग कसा काढायचा, हा सगळा खटाटोप.

मुळात वेग अडतो कुठे, तर मागच्या रेशोत. आमच्या अ‍ॅक्सलमध्ये सहा-एकेचाळीस होता, म्हणजे पिनियनला ६ दात, क्राऊनला ४१, रेशो ६.८३; चाकाच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे ६.८३ फेरे. टायर ९.००-२०, एका फेऱ्यात साधारण ३.१ मीटर. २८०० ला ६.८३ ने भागलं की चाकाचे मिनिटाला ४१० फेरे येतात, म्हणजे ताशी ७६ किलोमीटर. जीपीएसवरही सपाटीला गाडी तिथेच अडायची. शहरात वळसे घेत, थांब्याथांब्याला माणसं चढवत फिरणाऱ्या गाडीला हा रेशो अगदी योग्य आहे. हायवेवर मात्र दिवसभर इंजिन शेवटच्या टोकाला धरून ठेवावं लागतं.

बरेच जण पहिला सल्ला देतात तो डिझेलचा पंप वाढवायचा. गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा कमाल वेग बांधणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवला की इंजिन ३२०० पर्यंत जाईल, गाडी ८५ च्या पुढे पळेल, हे खरं आहे. पण पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा झटका आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २८०० वरून ३२०० म्हणजे जवळपास ३१ टक्के जास्त भार, आणि तो पडतो रॉडच्या बोल्टवर. आमचे मेस्त्री एका वाक्यात म्हणाले, ‘साहेब, पंपाचं सील तुटलं की समजा इंजिनाचं आयुष्य तुटलं.’ माझंही मत ठाम तेच आहे. पंप फक्त टेस्ट बेंचवर तपासून घेतला, नोझल साफ करून दाब बघितला, टॅपेट लावले, एअर क्लीनर धुतला. डिझेल वाढवून काळा धूर काढणं म्हणजे वेग नव्हे, ते न जळलेलं डिझेल आहे.

मोठे टायर हा दुसरा पर्याय. १०.००-२० घातले तर वेग जेमतेम तीन टक्के वाढतो. त्यासाठी रिम बदलायचे, मागच्या जोडीतलं अंतर वाढवायचं, नाहीतर दोन टायर एकमेकांना घासून तापतात. एवढ्या खर्चात तीन टक्के परवडत नाहीत. ओव्हरड्राइव्हचा गियरबॉक्स (ज्याच्या टॉप गियरमध्ये शाफ्ट इंजिनापेक्षा जोरात फिरतो) जास्त मोहात पाडत होता, कारण त्यात खालचे गियर जसेच्या तसे राहतात आणि घाटाचा दम जात नाही. पण गियरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा विचार करा. मागे ६.८३ तसाच ठेवला तर ८० च्या वेगाला शाफ्ट २९०० च्या वर फिरणार, मग इंजिन कितीही हळू चालो. जुन्या गाडीचा लांब, दोन तुकड्यांचा शाफ्ट, मधलं सेंटर बेअरिंग, झिजलेले क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातले). तिथे थरथर सुरू झाली की फ्लोअरपर्यंत येते. अ‍ॅक्सलचा रेशो बदलला तर त्याच ८० ला शाफ्ट २५२० वर राहतो. म्हणून अ‍ॅक्सल.

आता कोणता रेशो? सात-एकेचाळीस म्हणजे ५.८५७, सात-सदतीस म्हणजे ५.२८६. कागदावर दुसरा फार सुंदर दिसतो, ८० ला इंजिन २२७० वर. पण चाकावरची ओढ २३ टक्क्यांनी कमी होते. आम्हाला कोकणात उतरायचं असतं, कुंभार्लीच्या वळणावर समोरून ट्रक आला की थांबून पुन्हा पहिल्या गियरमध्ये गाडी उचलावी लागते, आणि त्या वेळी क्लच जाळायची माझी तयारी नाही. ५.८५७ मध्ये ओढ १४ टक्के जाते, ती सोसता येते. हा निर्णय ज्याने त्याने आपल्या रस्त्यावरून घ्यावा. सोलापूर-लातूर पट्ट्यात फिरणाऱ्याने सात-सदतीसचा विचार जरूर करावा.

बसवण्याचं काम मला सगळ्यात आवडलं. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार होतात, दोन्हींवर एकच जोडीचा नंबर कोरलेला असतो. एक या दुकानातून, एक त्या दुकानातून असं चालत नाही. विकत घेताना दोन्ही नंबर वाचा, आणि आपल्या अ‍ॅक्सलचं मॉडेल व बेअरिंगचे नंबर जुळवूनच पैसे द्या. पिनियनचं बेअरिंग, सील, थ्रस्ट वॉशर सगळं नवीन टाकलं. एवढं उघडल्यावर जुनं बेअरिंग परत बसवण्यात काटकसर नाही. दातांमधला खेळ डायल गेजवर, क्राऊनच्या चारही बाजूंना मोजला. मग मेस्त्रींनी शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या काही दातांना लावला आणि पिनियन हाताने फिरवली. उमटलेला ठसा दाताच्या मधोमध हवा. मुळाशी उमटला तर पिनियन जास्त आत आहे, टोकाशी उमटला तर जास्त बाहेर. त्याप्रमाणे शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) बदलायच्या, पुन्हा शेंदूर, पुन्हा ठसा. पुढे जाताना जी बाजू काम करते ती आणि इंजिनाने गाडी रोखताना जी बाजू काम करते ती, दोन्हींचे ठसे बघायचे. दुसरी बाजू पुष्कळजण सोडून देतात आणि मग उतारावर अ‍ॅक्सल रडतो. आमच्या मेस्त्रींनी दोन्ही ठसे जुळल्याशिवाय बोल्ट आवळले नाहीत. त्यांचा हात बघत बसणं हेच मोठं शिक्षण होतं.

सुरुवातीला गाडी रिकामी, ५०-६० च्या वर न्यायची नाही, मधेमधे थांबून हौसिंगला हात लावून बघायचं. गरम लागणार, पण हात टेकवता येईल इतपत. मग तेल काढून नवीन गियर ऑइल भरलं. जुन्या तेलात अगदी बारीक चकचकीत भुकटी होती, तुकडा एकही नव्हता.

हायवेवर जीपीएस लावून बघितलं: ८० ला टॅकोमीटर (इंजिनाचे आरपीएम दाखवणारा काटा) २५०० च्या किंचित वर, हिशेबाशी जुळणारं. आमचं ध्येय ८० च्या पुढे नाही. व्यावसायिक गाड्यांचा वेगनियंत्रक जिथे थांबतो तिथे आपणही थांबायचं. खरा फायदा ६५-७० ला दिवसभर चालण्यात आहे. घाटात अपेक्षेप्रमाणे तिसरा गियर लवकर टाकावा लागला आणि तीव्र वळणावर दुसरा. घाट चढायला लागलेला वेळ मात्र जवळपास पूर्वीइतकाच, कारण पूर्ण रेस दिल्यावर चढावरचा वेग इंजिनाच्या ताकदीवर ठरतो. रेशो फक्त कोणता गियर वापरायचा ते ठरवतो.

एक गोष्ट सगळ्यांनी मनावर घ्या. आमच्या गाडीत स्पीडोमीटरची केबल गियरबॉक्सच्या शेपटाकडून येते. मागचा रेशो बदलल्याचं त्याला कळतच नाही. काटा ७० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८१ च्या वर असते. केबलला जोडायचा दुरुस्तीचा अ‍ॅडॅप्टर मिळेपर्यंत डॅशबोर्डवर जीपीएस ठेवला आहे आणि चालवणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगतो. वेगनियंत्रक त्याच ठिकाणाहून सिग्नल घेत असेल तर तोही नव्याने कॅलिब्रेट करून घ्यावा लागेल.

ब्रेकचं काम आम्ही अ‍ॅक्सलच्या आधीच उरकलं होतं, आणि क्रम तसाच ठेवा. ६५ ऐवजी ८० ला गाडीत दीडपट ऊर्जा असते आणि ती सगळी ड्रममध्ये जिरवावी लागते. ड्रम तासून नवे लायनर, हवेच्या टाक्यांमधलं पाणी काढून गळती बंद, ब्रेकचा खेळ जुळवणारे स्लॅक अ‍ॅडजस्टर सगळ्या चाकांना एकसारखे. शिवाय नव्या रेशोत त्याच गियरमध्ये इंजिनाचा ब्रेकसुद्धा कमी लागतो, तेव्हा उतारावर पूर्वीपेक्षा एक गियर खाली ठेवा. जुने नायलॉन टायर सलग वेगात तापतात, म्हणून वय झालेले दोन काढून टाकले.

टपावरचं कॅरियर आणि मागची शिडीही उतरवली. आमच्या अंदाजाने ८० ला लागणाऱ्या ताकदीपैकी दोन-तृतीयांश फक्त वारा कापण्यात जाते, त्यामुळे टपावर विनाकारण लोखंड वाहण्यात अर्थ नाही.

पुढचं काम: प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करायचा आहे, ७५ च्या आसपास फ्लोअरला हलकी थरथर जाणवते. अ‍ॅव्हरेजचा आकडा पूर्ण टाकीच्या मोजणीनंतरच देईन. ६.८३ वरून ५.८५७ साठी केबलचा अ‍ॅडॅप्टर कुणी बनवून घेतला असेल तर त्याच्या गियरचे दात किती ठेवले ते कळवा.