महाबळेश्वरचे होली क्रॉस चर्च : साताऱ्याहून जाणाऱ्यांसाठी

महाबळेश्वरला गेलेला माणूस पॉइंट, वेण्णा तलाव आणि बाजारपेठ पाहून परततो. गावातले होली क्रॉस हे कॅथलिक चर्च सहसा त्याच्या यादीत नसते. डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही साताऱ्याहून केवळ या चर्चसाठी गेलो आणि सवडीने जाण्यासारखी ही जागा आहे, असे माझे ठाम मत झाले.

१८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी वाईकडच्या खंडाळा गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वरची जागा इंग्रजांना दिली आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने माल्कमपेठ वसली. चर्चचे बांधकाम १८३१ सालचे सांगितले जाते, म्हणजे ते जवळपास पेठेच्याच वयाचे आहे. ज्या वेण्णा तलावाशिवाय आज महाबळेश्वर डोळ्यांसमोर येत नाही, तो १८४२ सालचा, म्हणजे चर्चनंतरचा. आणि हा सगळा परिसर ज्या पुणे धर्मप्रांतात, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशात मोडतो, त्याची स्थापनाही १८८६ सालची. गावातले क्राइस्ट चर्च वेगळे, ते अँग्लिकन परंपरेतले. रस्ता विचारताना ‘कॅथलिक चर्च’ असे स्पष्ट म्हणावे.

रंगीत काचांच्या खिडक्या हे इथले वैभव. अशी खिडकी बाहेरून काळपट दिसते. ती पाहावी आतून, आणि तीही ऊन चढल्यावर. जवळ गेल्यास प्रत्येक रंगाचा तुकडा शिशाच्या बारीक पट्टीने शेजारच्या तुकड्याशी जोडलेला दिसतो. चित्रातल्या आकृतींच्या काळ्या रेषा बव्हंशी या पट्ट्यांनीच साधलेल्या असतात. दोन शतकांचा घाटमाथ्यावरचा पाऊस सोसणाऱ्या वास्तूत इतकी नाजूक कारागिरी जपणे सोपे नाही, म्हणून काचांना हात लावू नये.

ते दिवस नाताळपूर्व आगमनकाळाचे होते. फादरांचा मिस्साचा, म्हणजे कॅथलिक सामुदायिक उपासनेचा पोशाख जांभळा होता आणि वेदीजवळ हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या होत्या, दर रविवारी एक जास्त पेटवायच्या. हे पाहिल्यावर वारसा म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मिस्साच्या वेळा आदल्या दिवशी चौकशी करून ठरवाव्यात. एरवी दार बंद असल्यास तेथील मंडळींना विनंती करावी. मिस्सा चालू असताना मागच्या बाकावर बसावे, सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहावे आणि छायाचित्रे काढू नयेत. परमप्रसाद, म्हणजे मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर, कॅथलिक भाविकांसाठी असतो, त्या रांगेत इतरांनी जाऊ नये. १४ सप्टेंबरला पवित्र क्रूसाच्या, म्हणजे होली क्रॉसच्या विजयाचा सण असतो, मात्र तेव्हा छत्री हवीच.

साताऱ्याहून मेढा-केळघरमार्गे साधारण ५५ किलोमीटर अंतर पडते. वाईमार्गे पसरणी घाट चढून गेल्यास पाचगणीचे सेंट पीटर्स चर्चही पाहता येते, पण सुट्टीच्या दिवशी त्या बाजूला वाहनांची रांग लागते. आम्ही जाताना मेढ्याचा रस्ता धरला. परतताना तोच धरायचा असेल, तर केळघरचा घाट उजेडातच उतरावा, कारण हिवाळ्यात तिथे धुके लवकर उतरते.