दोरी, ताणकाटा आणि हॉर्सपॉवर

मी इंजिन टेस्टिंगमध्ये काम करतो हे कळलं की लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "अमुक गाडीची पॉवर खरंच तेवढी भरते का हो?" उत्तर देताना तोंडात आमच्या शाळेतल्या टेक्निकल विषयाच्या सरांचंच वाक्य येतं : "पॉवर मोजत नाहीत रे. मोजायचा तो टॉर्क आणि फेरे. पॉवर त्यातून काढायची." टॉर्क म्हणजे शाफ्ट फिरवणारा पिळाचा जोर.

शाळेच्या वर्कशॉपमध्ये विहिरीवर असतं तसलं डिझेल इंजिन होतं. नाशिकजवळच्या पिंपळगाव, ओझरकडून येणाऱ्या मुलांना ते घरचंच. त्याच्या ड्रमभोवती काथ्याची दोरी. एका टोकाला वजनं, दुसरं टोक वर ताणकाट्याला, म्हणजे स्प्रिंगच्या वजनकाट्याला. इंजिन चालू झालं की दोरी घासायची, ड्रम तापायचा, जळक्या काथ्याचा वास वर्कशॉपभर पसरायचा. सर ड्रमच्या आतल्या खाचेत पाणी ओतत राहायचे आणि आम्ही काटा वाचायचो. प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ मध्ये घर्षणाच्या ब्रेकने जे साधलं, तेच तत्त्व आमच्यासमोर धुरात उभं होतं.

फळ्यावरचं गणित आजही तोंडपाठ आहे. वजन १९ किलो, काटा ३ किलो दाखवतो, उरले १६. गुणिले ९.८१, म्हणजे १५७ न्यूटन. दोरीची निम्मी जाडी धरून त्रिज्या १५ सेंटिमीटर, म्हणून टॉर्क साडेतेवीस न्यूटन-मीटर. मिनिटाला १५०० फेरे. टॉर्क गुणिले फेरे, भागिले ९५४९ (उत्तर किलोवॅटमध्ये आणणारा ठरलेला भाजक) : ३.७ किलोवॅट. ७५ किलो वजन सेकंदात एक मीटर उचलणं म्हणजे एक मेट्रिक हॉर्सपॉवर, ०.७३५५ किलोवॅट. आले पाच हॉर्सपॉवर!

मोटारीलाही हेच लागू. २०० न्यूटन-मीटर टॉर्क २००० फेऱ्यांना मिळाला तर ५७ हॉर्सपॉवर, तोच ४००० ला टिकला तर ११४. म्हणून जाहिरातीत पॉवरच्या आकड्याशेजारी आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय गाडी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. शिवाय तो आकडा इंजिनच्या शाफ्टवरचा. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर आपापला वाटा घेतात आणि चाकांवर त्याहून कमीच उरतं.

आज टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन तपासायच्या चौथऱ्यावर, दोरीच्या जागी चुंबकाच्या जोरावर ब्रेक लावणारा एडी करंट डायनॅमोमीटर आणि काट्याच्या जागी जोर मोजणारा लोड सेल आहे. हवेचा हिशेब मात्र नवा शिकावा लागला. नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. हवा विरळ, त्यामुळे हवा दाबून भरणारा टर्बो नसलेलं इंजिन इथे मुंबईपेक्षा कमी जोर दाखवतं. म्हणून तापमान आणि दाब नोंदवून आकडा २५ अंश आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेवर आणतात, तेव्हा कुठे दोन शहरांतल्या चाचण्यांची तुलना होते.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वर्कशॉपचं नूतनीकरण होतंय असं कळलं. लोड सेल आणि फेरे मोजणारा डिजिटल टॅकोमीटर आमच्या बॅचतर्फे देऊ. फक्त एक विनंती : दोरी आणि ताणकाटा मोडीत काढू नका. नववीच्या मुलांना पहिलं रीडिंग त्यावरच घेऊ द्या.