टायरवरची ओळ शेवटपर्यंत वाचा

नाना पेठेत टायरच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: साइज काय? बहुतेक जण "१८५, ६५, १५" एवढं सांगून थांबतात आणि दुकानदारही तेवढ्यावरच भाव सांगतो. पण टायरवर त्याच्या पुढेही एक आकडा आणि एक अक्षर असतं. गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली आणि पुढे खंबाटकी घाट असेल, तेव्हा खरी परीक्षा त्या राहून गेलेल्या दोघांची असते.

उदाहरण घेऊ: १८५/६५ आर १५ ८८ एच. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या पट्ट्याची ही रुंदी नव्हे. हवा भरलेल्या टायरची एका साइडवॉलपासून (टायरच्या उभ्या बाजूपासून) दुसऱ्या साइडवॉलपर्यंतची आहे. ६५ हे टक्के आहेत: साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी. रुंदी बदलली की ही उंचीही बदलते, इथेच अनेकांची गफलत होते. २०५/६५ घेतलात तर साइडवॉल तब्बल १३ मिमीने वाढते, "६५ तर तेच आहे" म्हणून चालत नाही. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या बांधणीचा प्रकार. आज कारसाठी दुकानात तेच मिळतात. १५ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचात.

आता "थोडा मोठा टायर घालू का?" हा नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर अंदाजाने देऊ नका, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढा. १५ गुणिले २५.४ म्हणजे रिम ३८१ मिमी. त्यात वरची आणि खालची साइडवॉल मिळवा, १२०.२५ दोनदा. एकूण व्यास ६२१.५ मिमी. १९५/६५ चा व्यास येतो ६३४.५, म्हणजे दोन टक्के मोठा. मीटरवरचा काटा आधीइतकाच असला तरी गाडी आता दोन टक्के जास्त वेगात असते. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं किंवा मागे तिघं बसले की टायर आतल्या लायनरला, म्हणजे चाकावरच्या प्लास्टिकच्या आच्छादनाला, घासू शकतो. १९५/६० चा व्यास ६१५ येतो, फरक एका टक्क्याचा, म्हणून तो जास्त सोयीचा. माझ्या मते दोन टक्क्यांपुढे जाऊच नये. रिमची रुंदीही पाहा: १८५/६५ साठी ५ ते ६.५ इंच चालते, १९५/६० ला किमान ५.५ लागते. रिमवर "5.5J" असं कोरलेलं असतं, तीच ही रुंदी.

सोळा इंची अलॉय चाकं दिसतात छान, पण २०५/५० आर १६ मध्ये साइडवॉल उरते जेमतेम १०२ मिमी. पावसाळ्यानंतरचे पुण्यातले रस्ते आणि रस्त्याच्या पातळीखाली गेलेली चेंबरची झाकणं डोळ्यांसमोर आणा. झाकणाच्या कडेवर टायर आपटला की साइडवॉल रिम आणि कड यांच्यामध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. शहरात रोज गाडी चालवणाऱ्याने उंच साइडवॉल सोडू नये, हे मी ठामपणे सांगेन.

आता ८८. हा किलोचा आकडा नाही, तक्त्यातला क्रमांक आहे. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८४ म्हणजे ५००, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५. हे एका टायरचं वजन पेलण्याचं सामर्थ्य. १८५/६५ च्या जागी कुणी १८५/६० देऊ केला तर रिमवर तो बसतो, पण त्यावर बहुधा ८४ असतं. चार टायर मिळून २४० किलोची क्षमता गेली. वजन पेलते ती आतली हवा; साइडवॉल बुटकी झाली की हवेला जागाच कमी उरते. त्यात उतारावर ब्रेक लावला की भार पुढच्या दोन चाकांवर येतो. म्हणून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर किंवा गाडीचं मॅन्युअल पाहा आणि त्यात दिलेल्या क्रमांकाच्या खाली जाऊ नका. टायरवर एक्सएल (एक्स्ट्रा लोड) असेल तर त्याच साइजमध्ये क्षमता जास्त मिळते, पण हवाही जास्त भरली तरच.

शेवटचं अक्षर कमाल वेगाचं: टी म्हणजे ताशी १९०, एच २१०, व्ही २४० किमी. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर मर्यादा १०० ची असताना २१० कशाला, असं वाटेल. पण वेग म्हणजे टायरसाठी उष्णता. एप्रिल-मेच्या उन्हात, भरलेल्या गाडीखाली, हवा कमी असलेला टायर तासभर सलग पळाला की ही जास्तीची सोसण्याची ताकद कामी येते.

साइजपासून थोडं लांब, डीओटी या अक्षरांनंतरच्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा, ऑगस्टची अखेर. हे चार आकडे काही टायरांवर एकाच बाजूला असतात, म्हणून बसवण्याआधी टायर दोन्ही बाजूंनी फिरवून पाहा. चारही टायरांचे आकडे बिलावर लिहून घ्या. तारीख जुनी निघाली तर टायर नक्षीवर कितीही नवा दिसो, रबर तेवढंच जुनं असतं, दुसरा मागा. सोबत आयएसआय खूणही पाहा.

साइडवॉलवर बारीक अक्षरांत ४४ किंवा ५१ पीएसआय लिहिलेलं असतं. पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप, आणि हा आकडा त्या दाबाची कमाल मर्यादा आहे. पंपावर हवा भरताना तो आकडा सांगायचा नसतो. दाराच्या स्टिकरवरचा सांगायचा, आणि तोही टायर थंड असताना.

टायर बसल्यावर दुकानातून निघण्याआधी खाली वाकून बघा. साइडवॉलवर आउटसाइड लिहिलेलं असेल तर ती बाजू बाहेर हवी. बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेला हवा. घाईत एखादा टायर उलटा बसला तर पावसात पाणी बाहेर फेकण्याचं काम नीट होत नाही, तेव्हा तो तिथल्या तिथेच उतरवून पुन्हा बसवायला लावा. आणि स्टेपनीची साइजही वाचा. ती कमी इंचांची असेल आणि तिच्यावर ताशी ८० किमी वेगमर्यादेचं स्टिकर असेल, तर पंक्चर काढून होईपर्यंतच ती वापरायची.